चुन्याचे घर

समुद्र म्हटला की आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या मैत्रिणींना लाटा आठवतात, मावळता सूर्य आठवतो. मला आठवतो ओहोटीचा चिखल! माझे आजोळ रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी. ओहोटी लागली की आजी टोपली घेऊन निघायची. खडपांवरची कालवे कोयत्याच्या टोकाने फोडायची, वाळूत हात घालून तिसऱ्या वेचायची. आम्ही मुले मागून रिकामे शिंपले गोळा करीत असू.

शिंपला म्हणजे तरी काय? समुद्राच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि कार्बोनेट कणाकणाने घेऊन एका मऊ, अस्थिहीन जिवाने बांधलेले घर. किनाऱ्यावरची माणसे हेच शिंपले भाजून चुना करीत आली.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. पण फुंकतच राहिले तर? ते दूध हळूहळू नाहीसे होते आणि पाणी पुन्हा नितळ दिसू लागते. साका विरघळून जातो. आज समुद्रावर ही दुसरी फुंकर चालू आहे! कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. कारखाने सुरू झाल्यापासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू 8.2 वरून 8.1 च्या आसपास आला. आकडा क्षुल्लक वाटतो. पण या मोजपट्टीवर त्याचा अर्थ आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली असा होतो. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, पण शिंपल्यासाठी लागणारे कार्बोनेट त्यात कमी झाले आहे. जणू गवंडी तोच, विटा मात्र अपुऱ्या!

तुम्ही म्हणाल, निसर्ग जुळवून घेईल. घेतोच आहे. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी लोटले की कालव आपली कवाडे घट्ट मिटून बसते. कोंडलेल्या जिवाच्या आत आम्ल साठू लागते. ते शमवण्यासाठी ते आपल्याच शिंपल्याचा चुना थोडाथोडा विरघळवते. ऑस्ट्रेलियातील सिडनी रॉक जातीच्या कालवांना शास्त्रज्ञांनी आम्लता वाढवलेल्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यांची पिले तशा पाण्यात इतरांच्या पिलांपेक्षा लवकर वाढली. आईबापांनी सोसलेले लेकरांच्या कामी आले म्हणायचे!

परंतु हे फुकट होत नाही. भिंती सांभाळण्यात शक्ती गेली की वाढीला आणि प्रजेला ती उरत नाही. पिलाला तर जन्मानंतर दोनेक दिवसांतच पहिला शिंपला घडवावा लागतो, तोही सहज विरघळणाऱ्या जातीच्या चुन्याचा. अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर 2007 च्या सुमारास कालवांच्या पैदास केंद्रात पिले मोठ्या संख्येने मेली. खोल समुद्रातून वर आलेले आम्लयुक्त पाणी त्याला कारण होते. पुढे तिथे टाक्यांतल्या पाण्यात सोडा मिसळू लागले. टाकीत सोडा घालता येतो. अरबी समुद्रात कोण घालणार?

आजी हल्ली खडपात उतरत नाही. हाडांतले कॅल्शियम झिजले आहे, असे डॉक्टर म्हणाले. तरुणपणी वैधव्य आले, चार लेकरे तिने टोपलीवर वाढवली. गावात अजून म्हणतात, "म्हातारीनं किती जुळवून घेतलं!" ते कशातून भरून काढले, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे सोसणाऱ्याचे कौतुक फार. त्यामुळे सोसायला लावणाऱ्याला आपोआप सुटका मिळते.

कालवांच्या चिवटपणाविषयी वाचले की म्हणूनच मला नुसता आनंद होत नाही. आपलेच घर विरघळवून तो जीव किती काळ तग धरील? जुळवून घेण्याचे काम त्याने पुष्कळ केले. आता फुंकर आवरण्याचे काम आपले आहे. आणि ते समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या गावालाही चुकलेले नाही.