घासाघीस

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावं ठेवणे' यांत एका टिंबाचं अंतर आहे. पहिल्याला घुगऱ्या लागतात, दुसऱ्याला काहीच लागत नाही. ही दोन्ही कामं एकाच दमात करणारी मंडळी मला भेटली ती अमेरिकेत, सॅन होजेमधल्या स्केटबोर्डच्या मैदानावर. वयं अकरा ते चौदा. त्यांतला एक आमचा नातू, लेकीचा मुलगा.

स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी. तिच्यावर उभी राहून ही पोरं उडी मारतात आणि लोखंडी दांडीवर उतरतात. फळीचं लाकूड दांडीवरून सरकलं तर 'स्लाइड', खालचा धातूचा आस खरडला तर 'ग्राइंड'. म्हणजे आपलं घसरणं आणि घासणं. इथवर सगळं सरळ आहे.

पुढे नावांची भानगड सुरू होते. दोन्ही आस टेकले तर 'फिफ्टी-फिफ्टी'. नुसता मागचा टेकला तर 'फाइव्ह-ओ'. निम्मे कमी केले की पन्नासाचे पाच उरतात, हे गणित मी पूर्वी फक्त पगाराच्या बाबतीत अनुभवलं होतं. माइक स्मिथवरून 'स्मिथ ग्राइंड' आला, हे समजण्यासारखं आहे. पण एरिक ड्रेसनच्या ग्राइंडचं नाव 'सॅलड'. का? तर ड्रेसन, ड्रेसिंग, म्हणून सॅलड! मूळ उडीला म्हणतात 'ऑली'. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या अॅलन गेलफंडने ती काढली, आणि त्याचं टोपणनाव ऑली.

खरं भांडण जुंपतं ते 'क्रूकेड ग्राइंड'वर. एक पक्ष त्याला एरिक कोस्टनवरून 'के-ग्राइंड' म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, श्रेय डॅन पीटर्काचं, कोस्टनचं नाव घ्यायचं नाही. मी बाकावर बसून अर्धा तास ही घासाघीस ऐकली. तावातावाने बोलणाऱ्यांपैकी एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता. आधी मला हसू आलं, मग वाटलं, यात ना पैसा, ना जमीन. ज्याने पहिल्यांदा गुडघे फोडून घेतले, त्याचं नाव पुसलं जाऊ नये, एवढाच तंटा. आमच्या घरात तीन पिढ्या एकच गोडा मसाला होतो, पण तो पहिल्यांदा कुठल्या बाईने कुटला हे एकालाही सांगता येणार नाही.

"आजोबा, हा बघा लिपस्लाइड," नातू म्हणाला.

"मघाशी तू ह्यालाच बोर्डस्लाइड म्हणालास."

"तसा दिसतो. पण पुढची चाकं दांडीपलीकडे टाकली तर बोर्डस्लाइड, मागची टाकली तर लिपस्लाइड. शिवाय दांडी समोर असली तर फ्रंटसाइड, पाठीशी असली तर बॅकसाइड. फ्रंटसाइड बोर्डस्लाइड आणि बॅकसाइड लिपस्लाइड दांडीवर सेम दिसतात. वर कसा आलास, त्यावर नाव."

आता हा कीस काढणारा मुलगा घरी आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना सरसकट 'आंटी' म्हणतो! लेक सांगून थकली. मी संधी साधली. म्हटलं, "हे बघ, लग्नाच्या पंगतीत चौघीही सारख्याच दिसतात. पण बाबांच्या बाजूने सख्खी आली ती आत्या, आईच्या बाजूने आली ती मावशी. काकाचं बोट धरून आली ती काकू, मामाचं धरून आली ती मामी. वर कशी आली, त्यावर नाव."

तो फळी काखेत धरून क्षणभर गप्प राहिला. "मग आंटी म्हणणं चूकच की," म्हणाला. "आत्या फ्रंटसाइड, मावशी बॅकसाइड."

आठवड्याने पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. त्यानेच उचलला आणि घरभर ओरडला, "आजोबा, आईची आत्या! फ्रंटसाइड!"

बहिणीने मला पहिला प्रश्न विचारला, "फ्रंटसाइड म्हणजे काय रे?"

"मानाची बाजू," मी म्हटलं. तिचा आवाज पुढे तासभर गोड होता.