झिलमिलीची माती

छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीची माती आधी वाळवायची, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत घालायची आणि फेस ओसरला की बारीक चाळणीवर नळाखाली धुवायची. उरलेला चिमूटभर रवा काळ्या ताटलीत पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशाच्या ओल्या टोकाने एकेक ऑस्ट्राकोड वेचायचा. पंखा लावायचा नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. एक शिंक आणि सकाळ वाया.

ऑस्ट्राकोड म्हणजे कोळंबीचा दूरचा भाऊबंद, दोन शिंपांच्या आत राहणारा, बहुधा मिलिमीटरभरही नसलेला. दख्खनच्या लाव्हाचा एक थर थंड झाला आणि पुढचा यायचा होता, त्या मधल्या काळातल्या तळ्यांत हे भरपूर असत. सॉवर्बी या निसर्गशास्त्रज्ञाने 1840 मध्येच त्यांतल्या काहींना नावं दिली होती. झोनोसिप्रिस चटकन ओळखू येतो, शिंपेवर अंगठ्याच्या ठशासारख्या रेघा असतात. बाकीचे बरेचसे गुळगुळीत, घुम्मे. त्यांची शिंप उलटी करून स्नायूंचे व्रण आणि बिजागरी बघावी लागते. शिवाय हा प्राणी मोठा होईपर्यंत आठेक वेळा कात टाकतो, त्यामुळे एकाच जातीची पिल्लं वेगळ्या जातींसारखी दिसतात. ‘‘आधी मापं घे, मग नाव दे,’’ असं आमचे सर सारखं बजावत.

या गोड्या पाण्याच्या जाती नागपूरच्या टाकळीत भेटतात, तेलंगणातल्या नास्कलमध्येही भेटतात. थर जुळवायला त्या कामाच्या. पण वय विचारलं की गप्प! त्यांतल्या काही लाव्हाखालच्या, लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांतही आहेत. डायनोसॉर संपले त्या वेळेच्या अलीकडच्या की पलीकडच्या, हे त्यांच्यावरून ठरवणं मला तरी धाडसाचं वाटतं.

झिलमिलीच्या मधल्या थरात मात्र निओसिप्रिडिस हा ऑस्ट्राकोड सापडतो, म्हणजे मचूळ पाणी. आज समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्याच थरात भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांना समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांचे जीवाश्म मिळाले. ते डेनियन काळाच्या सुरुवातीचे, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. थराचं वय ठरलं ते या पाहुण्यांमुळे. त्याच्या खाली आणि वर पुन्हा जमिनीवरचेच गाळ आहेत. समुद्राचा फाटा आत आला आणि लवकरच परतला. तो नर्मदेच्या बाजूने आला की आणखी कुठून, यावर आमच्याकडे चहाच्या वेळी अजून वाद होतो.