दोन पिकअपांचा मेळ

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बास गिटारींचे बरेच मालक एकच मागणी घेऊन येतात. पुढे प्रिसिजनचा पिकअप आहे, मागे जॅझचा बसवायचा आहे, दोघांचा आवाज एकत्र हवा आणि खर्च बेताचा हवा. कुणी कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो, कुणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कुणी वसईच्या चर्चच्या गायनवृंदात. "काका, कुठल्या कंपनीचा पिकअप घेऊ?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. दोन निराळ्या पिकअपांचा मेळ त्यांची उंची, त्यांची दिशा आणि त्यांची जोडणी यांवर ठरतो, आणि या तिन्ही गोष्टींना पैसे फार थोडे लागतात.

आधी हे दोघे मुळात वेगळे का, ते पाहू. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास आणला तेव्हा त्यात एकच साधा पिकअप होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले: जाड दोन तारांखाली एक, बारीक दोन तारांखाली दुसरा. दोन्ही तुकड्यांची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट असते. त्यामुळे विजेचा हम त्यांच्यातल्या त्यांच्यातच विझतो. १९६० च्या जॅझ बासमध्ये मात्र दोन अरुंद सिंगल कॉइल पिकअप आले, एक मानेकडे आणि एक ब्रिजजवळ. जेम्स जेमरसन यांनी मोटाउनच्या गाण्यांत वाजवलेला भरीव, गोल आवाज प्रिसिजनचा. जॅको पास्टोरियस यांचा नाकातून बोलल्यासारखा, प्रत्येक सूर सुटा ऐकू येणारा आवाज मुख्यतः जॅझ बासच्या मागच्या पिकअपचा. पी-जे म्हणतात त्या बासमध्ये हे दोन्ही स्वभाव एकाच लाकडावर आणायचे असतात.

फरक पिकअपमध्ये जितका आहे तितकाच जागेत आहे. वाजलेल्या तारेत मूळ स्वराबरोबर अनेक हार्मोनिक एकाच वेळी थरथरत असतात. मूळ स्वराच्या कंपनात संपूर्ण तार एका वेळी एकाच बाजूला झुकते. वरच्या हार्मोनिकांना मात्र तारेवर ठिकठिकाणी स्थिर बिंदू असतात, आणि अशा बिंदूच्या अलीकडे तार वर जात असेल तर पलीकडे ती त्याच क्षणी खाली जात असते. असा बिंदू दोन पिकअपांच्या मध्ये पडला की दोघांची बेरीज होताना तो हार्मोनिक उणा होतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडल्यावर आवाजाचा मधला भाग पोकळ होतो, त्याचे हे कारण. मार्कस मिलर यांच्या स्लॅपमधली चमक ऐकलेल्याला ही पोकळी हवीशी वाटेल, पण कीबोर्ड, ढोलकी आणि दोन गायकांच्या गर्दीत तोच बास हरवतो. म्हणून दोन्ही पिकअप नेहमी सारखेच उघडे ठेवावेत, असे मी कुणालाही सांगत नाही. एकाचा व्हॉल्यूम किंचित, अगदी थोडासा उतरवला की मधला भाग लगेच परत येतो. ती जागा कानाने शोधायची, आणि सापडली की लक्षात ठेवायची.

आता उंची. ब्रिजजवळ तार फारच कमी हलते, म्हणून तिथल्या पिकअपला मुळातच कमी ऐकू येते. तो पुढच्याच उंचीवर बसवला, तर पुढचा त्याला झाकून टाकतो आणि मालक म्हणतो, मागचा पिकअप स्वस्तातला निघाला. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि पिकअपपासून तारेपर्यंतचे अंतर मोजायचे. पुढे साधारण ३ मिलिमीटर, मागे २ च्या आसपास, अशी मी सुरुवात करतो. मग एकेक पिकअप आळीपाळीने चालू करून, दोन्हींचा जोर सारखा येईपर्यंत स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवतो. इथे घाई करू नये. प्रत्येक तारेची स्वतंत्र परीक्षा घ्यावी, कारण प्रिसिजनच्या दोन तुकड्यांची उंची वेगवेगळी लागू शकते. चुंबक तारेच्या फार जवळ नेला तर तो तारेला ओढतो, आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. पिकअपखालचा फोम आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत काही वर्षांत बसतो, मग स्क्रू कितीही सैल केला तरी पिकअप वर येत नाही. नवा फोम कापून घातला की झाले. कितीतरी बास या एवढ्याच कामाने सुधारलेले मी पाहिले आहेत, सोल्डरिंग आयर्न गरमही न करता.

उंची जमल्यावर दिशा. दोघे उलट दिशेने जोडले गेले असतील तर एकेकटे उत्तम वाजतात, पण एकत्र आले की खर्ज गायब होतो आणि आवाज चिरका, पातळ उरतो. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर लावायचा, पिकअपच्या दोन वायरी जोडायच्या, आणि लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचे टोक पोलवर ठेवून झटकन उचलायचे. आकडा अधिककडे जातो की उणेकडे, ते टिपायचे आणि दुसऱ्या पिकअपवर तेच करायचे. उत्तरे जुळली नाहीत तर एका पिकअपच्या दोन वायरी आपसात बदलायच्या. मात्र पिकअपचे धातूचे कव्हर किंवा वायरीची जाळी ग्राउंडच्या टोकाला जोडलेली असेल, तर आधी ती सोडवून वेगळी ग्राउंडला न्यायला हवी. नाहीतर सगळे कव्हरच अँटेना बनते.

जोडणीत लोक सगळ्यात जास्त फसतात ते ओहमच्या आकड्याला. मीटरवर प्रिसिजनचा पिकअप १० ते ११ किलोओहम दाखवतो, जॅझचा ७ ते ८, म्हणून पहिला जास्त जोरदार असा निष्कर्ष काढला जातो. हा आकडा फक्त तारेचा रोध सांगतो. चुंबक अल्निको आहे की सिरॅमिक, तांब्याची तार किती बारीक, पिकअप तारेपासून किती दूर, यांतले काहीच त्यातून कळत नाही. तो उपयोगी पडतो वेगळ्या ठिकाणी. दोन पिकअप समांतर जोडले की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या गुंडाळीतूनही वाहतो, एका नळीने जोडलेल्या दोन टाक्यांतले पाणी एकमेकींत जावे तसा. ज्याचा रोध कमी, त्याचा बेरजेतला वाटा मोठा. फरक थोडा असेल तर उंचीने भरून निघतो.

समांतर जोडणीत मी दोन व्हॉल्यूम आणि एक टोन हीच जुनी पद्धत पसंत करतो: २५० किलोओहमचे पॉट आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा, अंगावर ४७३ छापलेला कपॅसिटर. पिकअपची वायर पॉटच्या मधल्या पायाला आणि आउटपुट कडेच्या पायाला, हा जॅझ बासचा क्रम पाळला तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी दुसरा बंद पडत नाही. एकाच बटणाचा ब्लेंड हवा असेल तर एमएन प्रकारचा दुहेरी पॉट घ्यावा, मध्यावर टक्क असा थांबा असलेला. त्यात मध्यावर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतात. साधा दुहेरी लिनिअर पॉट लावला तर मध्यावर दोघेही दबतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळ पॉट, कपॅसिटर, जॅक आणि वायर मिळते, आणि खर्च शेकड्यांत राहतो. त्याच खर्चात सिरीजचे छोटे टॉगल बसवता येते. सिरीजमध्ये दोघांचे व्होल्टेज सरळ एकमेकांत मिळते, रोधातला फरक फारसा आड येत नाही आणि आवाज दणकट, मधल्या भागात भरलेला होतो. त्या जोडणीत सगळ्यांवर एकच व्हॉल्यूम चालवावा.

जॅझचा पिकअप विकत घेण्याआधी लांबी मोजा. पुढच्या आणि मागच्या पिकअपची लांबी थोडी वेगळी असते, आणि लाकूड एकदा कोरले की परत भरत नाही.

एक ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह, किंवा चुंबकी पिकअपच्या जोडीला ब्रिजमधला पिझो, ही मागणी आली की वरचे सगळे गणित बदलते. ॲक्टिव्हचा आउटपुट रोध इतका कमी असतो की पॅसिव्हचा आवाज त्यातूनच वाहून जातो. पिझोला उलट फार मोठा रोध समोर लागतो, नाहीतर त्याचा खर्ज मरतो. इथे प्रत्येकाला स्वतःचा बफर द्यावा. टीएल०७२ या आठ पायांच्या स्वस्त आयसीत दोन ॲम्प्लिफायर असतात, म्हणजे दोन्ही पिकअपांची सोय एकातच. चुंबकी बाजूला १ मेगाओहम, पिझोच्या बाजूला १० मेगाओहम, आणि दोन्ही आउटपुट १०-१० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र. ९ व्होल्टची बॅटरी पुरते. यासाठी तयार प्रीॲम्प घ्यायलाच हवा, असे मला वाटत नाही.

हमचेही बोलायला हवे. प्रिसिजन स्वतःचा हम स्वतः विझवतो, जॅझचा एकटा सिंगल कॉइल विझवत नाही, म्हणून पी-जे बासमध्ये मागचा पिकअप उघडला की हम येतोच. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे हम जवळजवळ त्या सुरावरच येऊन बसतो, आणि त्याचा वरचा १०० हर्ट्झचा भाग त्याहून मोठ्याने ऐकू येतो. पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ग्राउंड केली की डिमर आणि रोषणाईची खरखर बरीच कमी होते; ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा हम त्याने जात नाही. गणपतीच्या मंडपात ज्याला नेहमी वाजवायचे आहे त्याने वाचवलेले पैसे इथे घालावेत आणि मागचा पिकअप हम विझवणारा, आतून दोन कॉइलचा घ्यावा.

काहीच कोरायचे नसेल आणि दोन पिकअप आधीच असतील, तर आतली बेरीज टाळताही येते. रिकनबॅकरच्या ४००१ बासला रिक-ओ-साउंड नावाची सोय होती: दोन पिकअप, दोन वेगळे आउटपुट. आपल्या बासला स्टिरिओ जॅक लावून एक पिकअप टिपवर, दुसरा रिंगवर आणि वाय केबलने मिक्सरच्या दोन चॅनेलवर नेता येतो. तिथे प्रत्येकाला वेगळा इक्वलायझर मिळतो आणि दोघे एकमेकांवर भार टाकत नाहीत. मात्र मिक्सरची साधी लाइन इनपुट पॅसिव्ह पिकअपचा टिपेचा भाग खाते, म्हणून हाय-झी इनपुट किंवा प्रत्येक बाजूला डीआय बॉक्स हवा. बॅटरीवाल्या बासमध्ये तीच रिंग बॅटरी चालू-बंद करायला वापरलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

शेवटचे सोल्डर घालण्याआधी बास घेऊन सरावाला जा. ड्रम चालू असताना वाजवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गायकाला विचारा. घरी एकट्याने ऐकताना जो मागचा पिकअप कर्कश वाटला होता, बहुतेक वेळा तिथे तोच ऐकू येत असतो.