गोड नसलेलं पुडिंग

दोस्तांनो, पुडिंग म्हटलं की तुम्हाला कॅरमेल, कस्टर्ड, जेली आठवत असेल ना? पण आज आपण ज्या पुडिंगच्या गावाला चाललोय, तिथे साखरेचं काही कामच नाही. हे पुडिंग चक्क डाळीचं आहे!

चला इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात. टाइन नदीकाठी न्यूकॅसल शहर आहे. नदीवर १९२८ साली सुरू झालेला पोलादी कमानीचा उंच पूल आहे. इथल्या मांसाच्या दुकानांत एक पिवळा, घट्ट लगदा वजनावर मिळतो. तेच ‘पीज पुडिंग’. ‘स्टॉटी’ नावाच्या चपट्या, ताटाएवढ्या पावात हॅमच्या कापाबरोबर ते भरून खातात. इथल्या बोलीत ‘स्टॉट’ म्हणजे उसळी मारणं. पाव जमिनीवर आपटला तर उसळेल, म्हणून हे नाव म्हणे! (तुम्ही मात्र आपटून बघू नका.)

हा सगळा मुलूख कोळशाच्या खाणींचा. खाणकामगारांची मिळकत बेताची, पण घरासाठी कोळसा खाणीकडून मिळायचा. म्हणजे पैसा कमी आणि चूल मात्र दिवसभर पेटलेली. मग तासन् तास शिजणारं, स्वस्त आणि पोटभरीचं असं काय करायचं? घरची बाई वाटाण्याची डाळ फडक्यात सैलसर बांधायची, कारण डाळ फुगते. मग खारवलेल्या मांसाच्या पातेल्यातच ती पुरचुंडी सोडायची. एकाच पातेल्यात दोन पदार्थ! मांसाचा खारटपणा नि चव आपसूक डाळीत उतरायची. बाप एका पाळीत, मुलगा दुसऱ्या पाळीत. कुणी गरम खायचं, कुणी गार.

आता त्या खाणी राहिल्या नाहीत. संडरलंडची वेअरमथ खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि १९९७ पासून त्या जागी फुटबॉलचं स्टेडियम आहे. बाहेर खाणकामगारांच्या दिव्याचं स्मारक उभं आहे. एलिंग्टन ही या भागातली शेवटची खोल खाण २००५ मध्ये मिटली. पुडिंग मात्र अजून विकलं जातं.

नावाचीही एक गंमत आहे, बरं का. पूर्वी इंग्रजीत ‘पीज’ हे एकवचन होतं. शेवटचा उच्चार ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि त्यांनी शेपूट तोडून ‘पी’ हा नवा शब्द केला. सगळ्यांनी मिळून केलेली चूक आज व्याकरणात बरोबर आहे! पुडिंगच्या नावात जुना शब्द तसाच राहिला.

घरी मांसाशिवायही करता येतं. पाव किलो पिवळी वाटाणा डाळ (हरभऱ्याची नव्हे) रात्री भिजत घाला. सकाळी पाणी बदला. सुमारे एक लिटर पाणी, अख्खा सोललेला कांदा, एक गाजर आणि तमालपत्र घालून मंद आचेवर तासभर शिजवा. आई किंवा बाबांना जवळ उभं करा. ही डाळ फार फेसाळते, म्हणून पातेलंच बरं; कुकरची शिट्टी तुंबू शकते. फेस काढत राहा, शेवटी ढवळत राहा, नाहीतर तळाला लागेल. कांदा, गाजर, पान काढून डाळ घोटा. लोणी, मीठ, मिरपूड घाला. गरम असताना ते पिठल्यासारखं सैल दिसेल. घाबरू नका, निवताना घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी तर सुरीने काप निघतात आणि ते तव्यावर लोण्यात परतले की कडेने मस्त खरपूस होतात.