अलास्काची जलयात्रा आणि उघडी राहिलेली नोंद

अलास्काच्या किनाऱ्यावर स्कॅग्वे नावाचे एक लहानसे गाव आहे. उन्हाळ्यात दोन-तीन मोठी प्रवासी जहाजे एकाच सकाळी धक्क्याला लागली, की गावच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे त्याच्या एकुलत्या मोठ्या रस्त्यावर उतरतात. १८९७-९८ साली क्लोंडाइकच्या सोन्याच्या ओढीने हजारो लोक येथून आणि शेजारच्या डाये बंदरातून डोंगर चढून कॅनडात गेले. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे असत. ज्याच्याजवळ वर्षभर पुरेल एवढा शिधा नसेल, त्याला ते पुढे सोडत नसत. अवजारे, तंबू, कपडे धरून एकेकाचे सामान सुमारे एक टन भरे. जकातही तेथेच भरावी लागे. सोने फार थोड्यांच्या हाती लागले. पीठ, घोंगड्या आणि फावडी विकणाऱ्या दुकानदारांची मात्र चांगली चलती झाली, हे व्यापारी घरांतील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

ती सीमा डोळ्यांना दिसत होती. आजचा प्रवासी तीच सीमा जहाजावर झोपेत ओलांडतो.

सांगलीच्या हळदीच्या व्यापारातील एक वयस्क दांपत्य सिअ‍ॅटलला मुलाकडे गेले होते. तीन महिने राहून झाल्यावर मुलाने त्यांना अलास्का दाखविण्याचे ठरविले. विमानाने अँकरेज, तेथून आगगाडीने सेवर्ड, आणि सेवर्डहून जहाजाने दक्षिणेस व्हँकुव्हर असा मार्ग होता. वाटेत हबर्ड हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबले. निळसर बर्फाचा कडा तुटून समुद्रात कोसळतो, तेव्हा तो दिसतो आधी आणि त्याचा आवाज येतो मागून, मेघगर्जनेसारखा. जून महिना असल्याने जूनोमध्ये रात्री दहाच्या सुमारासही आकाशात उजेड होता. शेवटच्या सकाळी व्हँकुव्हर आले. कॅनडाच्या अधिकाऱ्याने पारपत्रे पाहिली आणि दांपत्य तेथूनच विमानाने दिल्लीमार्गे घरी परतले.

दोन वर्षांनी सुनेचे बाळंतपण जवळ आले. सासूबाईंनी आधी जाऊन राहावे असे ठरले. मुलाने सहज म्हणून अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दोघांचा प्रवास-इतिहास उघडला. वडिलांचे आगमन होते, प्रस्थानही होते. आईचे आगमन होते, प्रस्थान नव्हते. त्या वहीप्रमाणे ती माउली दोन वर्षे अमेरिकेतच होती.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासाठी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. मुंबईच्या विमानतळावर देश सोडणाऱ्याला खिडकीपाशी उभे राहून शिक्का घ्यावा लागतो. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी अधिकारी भेटतो. निघताना तशी खिडकी नसते. प्रवेशाची नोंद, जिला आय-९४ म्हणतात, ती हवाई व सागरी मार्गाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून कागदाऐवजी संगणकात होते. प्रस्थान मात्र विमान वा जहाज कंपनीने पाठविलेल्या प्रवासीयादीवरून लावले जाते. व्यापारी भाषेत सांगायचे तर जमेची बाजू पेढीवाला स्वतः लिहितो आणि नावेची बाजू दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतो. चिठ्ठीतील नाव जुळले नाही, तर खाते उघडेच राहते. अशा उघड्या रकमांचा ताळा लावण्यातच बँकेच्या कारकुनाची अर्धी हयात जाते.

सासूबाईंचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पारपत्रात होता आणि पारपत्र नवे. अमेरिकेत प्रवेश नव्या क्रमांकावर झाला. जहाजाच्या आरक्षणात जुना क्रमांक भरला गेला. त्यातच नावाचा घोळ. आपल्याकडे पतीचे नाव पारपत्रात कधी स्वतःच्या नावाला जोडून येते, कधी वेगळे येते. आरक्षण करणारा ते आपल्या समजुतीने भरतो.

सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणाऱ्या जलयात्रांचा प्रकार आणखी निराळा आहे. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला परदेशी बंदरास न लागता अशी फेरी करता येत नाही. म्हणून ही जहाजे बहुधा कॅनडातील व्हिक्टोरियास काही तास थांबतात. प्रवासी सायंकाळी उतरतात, विधानभवनावरील दिव्यांची रोषणाई पाहतात, १९०८ साली उघडलेल्या एम्प्रेस हॉटेलसमोर छायाचित्रे काढतात आणि पुन्हा जहाजावर चढतात. भारतीय पारपत्र असणाऱ्यास एवढ्यासाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो. कित्येकांना वाटते, की असे बाहेर जाऊन आल्याने अमेरिकेतील मुक्कामाचे सहा महिने नव्याने सुरू होतात. तसे गृहीत धरता येत नाही. कॅनडातील तीस दिवसांहून कमी फेरीनंतर सामान्यतः आधीचीच मुदत पुढे चालते. परत आल्यावर आय-९४ वरील तारीख पाहावी आणि शंका असल्यास जुनीच पाळावी.

मुलाचे पहिले म्हणणे असे, की व्हिसा अजून जिवंत आहे, तेव्हा तसेच यावे. वडिलांनी ते मानले नाही, आणि त्यांचेच खरे होते. मुदतीपलीकडे राहिलेल्याचा व्हिसा तेथील कायद्याने बाद ठरतो. एक वर्ष वा अधिक काळ बेकायदा राहून गेलेल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागू शकते. संकेतस्थळावरील तो इतिहास कायदेशीर पुरावा मानला जात नाही, हे खरे. पण पहाटे विमानातून उतरलेल्या, इंग्रजी बेताचेच येणाऱ्या बाईने हा मुद्दा खिडकीपाशी मांडावा, ही अपेक्षा कोणी करावी?

मग पुरावे गोळा झाले. व्हँकुव्हर ते दिल्ली विमानाचा बोर्डिंग पास सुदैवाने फेकला गेला नव्हता. पारपत्रात भारतातील आगमनाचा शिक्का होता. जहाज कंपनीकडून प्रवास पूर्ण केल्याचे पत्र मागविले. त्यानंतरच्या महिन्यांतील सांगलीच्या बँकखात्याचा उतारा जोडला. बँकेच्या लॉकरच्या नोंदवहीत सासूबाईंची तारीखवार सही होती. शाखेने तसा दाखला दिला. या एका कागदाचे मोल पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. दोन्ही पारपत्रांच्या प्रती आणि सारी हकीकत एका पानात लिहून अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या ‘ट्रिप’ नावाच्या तक्रार-निवारण व्यवस्थेकडे संगणकावरूनच अर्ज केला. त्याला शुल्क नाही. प्रवेशाच्या नोंदीत चूक असेल, तर खात्याच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयातही दुरुस्ती होते. पण ते त्या देशात असलेल्याच्या सोयीचे. अर्ज पोहोचताच सात अंकी क्रमांक मिळाला, जो पुढे विमानाचे तिकीट काढताना लिहिता येतो.

उत्तराचे पत्र यथावकाश आले. काय चुकले होते, हे त्यात नव्हते. अशी पत्रे ते सांगत नाहीत. प्रवास-इतिहासात मात्र व्हँकुव्हरच्या त्या तारखेचे प्रस्थान दिसू लागले. मूळ कागद सासूबाईंच्या हातातील पिशवीत राहिले, दोन्ही पारपत्रांसह. परतीचा प्रवास या वेळी विमानानेच करावयाचा ठरला. बर्फाचे कडे एकदा पाहून झाले होते.