दगडाचें वय

आमच्या दिवाणखान्यांतील फडताळांत गेल्या उन्हाळ्यापासून मुठीएवढा एक दगड आहे. करडा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, मध्यें एक गुलाबी शीर. धाकट्या बंधूंचे चिरंजीव स्कॉटलंडांत भूशास्त्र शिकतात. त्यांच्याकडे गेलों असतां वायव्येकडील एका रस्त्याच्या कडेला पडलेला हा तुकडा आम्हीं उचलिला, आणि आल्यागेल्यास ‘तीनशें कोटी वर्षांचा’ म्हणून मोठ्या ऐटीनें दाखवूं लागलों. दिवाळीस चिरंजीव घरीं आले आणि त्यांनीं पाहुण्यांदेखत हटकिलें, “काका, तीनशें कोटी कशाचीं?”

प्रश्न अंमळ उद्धट, पण रास्त होता. स्कौरी गांवच्या समुद्रकांठीं जो पट्टेदार नाइस खडक आहे, त्याचें मूळ २८० ते ३०० कोटी वर्षांमागचें. भूगर्भांतील उष्णता व दाब सोसून त्यास पट्टे आले. मग भेगा पडून तप्त रस वर चढला व काळ्या उभ्या भिंती थिजल्या. स्कौरीस ह्या भिंती पट्ट्यांना छेदून सरळ जातात. तेथून दहाबारा किलोमीटरांवर लॅक्सफर्डला पाहावें, तों त्याच जातीच्या भिंती पिळवटलेल्या, पातळ झालेल्या, पट्ट्यांच्या ओळींत मुकाट बसलेल्या! मागाहूनच्या पर्वतनिर्मितीनें जुना खडक पुन्हां तिंबला होता. १९५१ सालीं जॉन सटन व जॅनेट वॉटसन ह्या पतिपत्नींनीं ह्या भिंतींवरूनच काळाचा निवाडा केला: जी घडी भिंत छेदून जाते ती जुनी, जी भिंतीसही वांकविते ती नवी. पुढें भिंतीच दोन काळच्या निघाल्या, बहुतेक सुमारें २४० कोटी वर्षांमागच्या, कांहीं २०० कोटी. तरी युक्ति टिकली.

ही दुसरी उलथापालथ सुमारें १७५ कोटी वर्षांपूर्वींची. तींत खडकांत पाणी शिरलें व जुन्या पायरोक्सीनच्या जागीं हॉर्नब्लेंड आलें. आमच्या दगडांतील काळे कण तेव्हांचे.

“मग जुनें उरलें तरी काय?” आम्हीं खट्टू होऊन विचारिलें.

“झिरकॉनचे बारीक कण. वरून नवें कवच चढतें, पण पुष्कळदां गाभा तोच राहतो. युरेनियमचें शिसें किती झालें तें मोजून दोहोंचीं वयें निरनिराळीं काढतात.”

मातोश्री कोपऱ्यांतील खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचें वय ९१. लग्नांत त्यांचें नांव बदललें, आणि त्याच नांवानें त्यांनीं हें घर चालविलें. अलीकडे त्या नांवास त्या ओ देत नाहींत. विचारलें तर माहेरचें नांव सांगतात. आम्ही दर वेळीं चूक दुरुस्त करीत असूं, कधीं कधीं चढ्या आवाजांत. चिरंजीवांनीं सहज विचारिलें, “आजी, तुझें नांव काय ग?” त्यांनीं माहेरचेंच सांगितलें. दुरुस्तीसाठीं आम्हीं तोंड उघडलें आणि तसेच गप्प राहिलों.

रात्रीं दगडाखालची चिठ्ठी बदलली. तिच्यावर आतां दोन आंकडे आहेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुधाचा पेला नेतांना आम्हीं जन्मांत प्रथमच त्यांस नांवानें, आणि तेंही माहेरच्या, हाक मारिली. त्यांनीं चटकन् वळून पाहिलें, पेला घेतला आणि विचारिलें, “दादा, तुझा चहा झाला का रे?”