शेजारची फाइल

होसूर आणि सरजापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून बंगळुरूचं एचएसआर लेआउट. सात सेक्टर, त्यांत मेन आणि क्रॉस. पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं, की नुसता क्रॉसचा नंबर सांगून भागत नाही. तोच नंबर दुसऱ्या सेक्टरातही असतो.

ऑफिसात लॅपटॉप उघडला की तोच घोळ. प्रोजेक्टात दहा फोल्डर आणि प्रत्येकात एक ‘इंडेक्स डॉट जेएस’. व्हीएस कोड हा एडिटर अशा वेळी टॅबवर फोल्डरचं नावही बारीक अक्षरांत दाखवतो, म्हणजे सेक्टर सांगतो. तरी टॅबची रांग स्क्रीनबाहेर जाते आणि माउस तिच्यामागे धावत बसतो.

खरं तर एका वेळी लागणाऱ्या फाइली दोन-चारच, आणि त्याही नात्यातल्या. सी++मध्ये हेडर आणि सोर्स. अँग्युलरच्या कमांडने कंपोनंट बनवला, की कोड, टेम्प्लेट, स्टाइल आणि टेस्ट अशा चार फाइली सहसा एकदम तयार होतात. लॉगिनच्या बटणावरचा मजकूर बदलला, टेस्ट लाल झाली, ती दुरुस्त केली, पुन्हा टेम्प्लेट. दिवसभर हीच ये-जा.

जुन्या एडिटरांनी हे कधीच ओळखलं होतं. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली बाहेर आणलेल्या विममध्ये कंट्रोल आणि ६ दाबलं की आधीची फाइल समोर येते, पुन्हा दाबलं की परत. ही सोय बिल जॉय यांच्या व्हीआयकडून आलेली.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-टॅब रांगेतल्या पुढच्या टॅबवर नेत नाही, नुकत्याच पाहिलेल्या फाइलवर नेतो. ब्राउझरची सवय असलेले वैतागून हे सेटिंग बदलतात. बदलू नये. रांगेतला शेजार हा निव्वळ योगायोग. हवी असते ती बहुधा आत्ताच हाताखालून गेलेली फाइल.

मध्येच तिसरी फाइल घुसली की मात्र हा हिशेब चुकतो. तिथे नातं ओळखणारी की हवी: व्हीएस कोडच्या सी++ एक्स्टेन्शनमध्ये हेडर-सोर्ससाठी ऑल्ट-ओ, विंडोजवरच्या इंटेलिजेमध्ये टेस्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-टी. इंटेलिजे हे नातं नावावरून ओळखतं. तेव्हा टेस्टला तिच्या कोडचंच नाव द्या. ‘नवीन फायनल २’ असं ठेवलंत, तर ती तुम्हालाच शोधत बसावी लागेल.